पडद्याआडचं मालागा

मी एकदा स्पेनला न जाताच स्पेनहून परत आले होते. येताना शेजाऱ्यांसाठी खाऊ आणला होता, तिकडचं ऊन कसं लागतं ते सांगितलं होतं, आणि समुद्राचं वर्णन तर असं रंगवलं होतं की ऐकणाऱ्याने उठून पायाची वाळू झटकावी. प्रत्यक्षात आम्ही नवराबायको तो सगळा आठवडा टोकियोजवळच्या उरायासुतल्या आमच्या दोन खोल्यांत पडदे ओढून बसलो होतो. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. त्या वयापर्यंत माणसाला थोडीफार अक्कल येते म्हणतात. माझी बहुतेक मधल्याच कुठल्यातरी स्टेशनवर उतरली असावी.

हे सगळं आज वर आलं ते एका टोपीमुळे. माझी नात ईशा इथेच जपानात जन्मली, इथेच वाढली. कॉलेज सांभाळून ती कोपऱ्यावरच्या कोंबिनीत, त्या चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, फावल्या वेळची नोकरी करते. त्या कमाईतून तिला मला मालागाला न्यायचंय. स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरचं शहर. तिने ते का निवडलं म्हणाल, तर तिकडे जाणारं विमान त्या महिन्यात सगळ्यात स्वस्त होतं म्हणून. मी त्या नावावर नुसती हसले. गेले कित्येक दिवस टोकियोच्या निशी-कसाईतल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर वरणभाताच्या जोडीला तिचा फोन असतो.

“आजी, डायरेक्ट फ्लाइट नको. दोनदा बदलायचं. मध्ये एका एअरपोर्टवर रात्रभर थांबायचं, पण मग खूपच स्वस्त पडतं.”

“रात्रभर मी काय करू गं?”

“झोप ना बाकावर. मी तर कायम झोपते.”

“आणि तिकडे राहायचं कुठे?”

“हॉस्टेल. सहा जणींची खोली, बंक बेड. खालचा बंक तुला द्या म्हणून मी त्यांना लिहिलंय.”

“काय लिहिलंस?”

“‘माय ग्रँडमदर इज ओल्ड, बट फनी.’”

दोन्ही गोष्टी खऱ्या.

पाठीवरच्या लहानशा बॅगेत सगळं बसवायचं, मोठ्या बॅगेचे वेगळे पैसे पडतात, असं तिने बजावल्यावर मी गाद्या ठेवायच्या खोल कपाटात डोकं घातलं आणि अगदी तळातून ती गवती टोपी काढली. तिला डांबराच्या गोळ्यांचा वास होता, जुन्या तातामी चटईचा होता, आणि नाक जवळ नेलं तर त्याच्याही मागे कुठेतरी खाडीचा.

“ही कुठली?” ईशाने विचारलं.

“मालागाची.”

“तू गेलीयेस?”

“छे! कधीच नाही.”

ती फोन खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. नातवंडांनी फोन खाली ठेवला की समजायचं, आता आपली पाळी.

तेव्हाचं उरायासु म्हणजे खाडीच्या कुशीतलं गाव होतं. आता उंच इमारती आहेत तिकडे तेव्हा भराव टाकणं चालू होतं, आणि आमच्या गल्लीत अजून शिंपल्यांचं राज्य होतं. दुपारी दुकानादुकानांतून सळीला टोचलेले शिंपले निखाऱ्यावर भाजायचे आणि त्यांच्या सोया सॉसचा करपट गोड धूर आमच्या वाळत टाकलेल्या कपड्यांत शिरायचा. माझी कॉटनची साडी घडी घालून ठेवली तरी तिला शिंपल्यांचा वास. पुण्याला आईकडे गेले तेव्हा ती म्हणाली होती, “तू काय कोळणीच्या घरी दिलेली आहेस का?”

आमची इमारत लाकडी, दुमजली. चार बिऱ्हाडं, बाहेरून लोखंडी जिना. जिन्यावर कुणी पाय ठेवला की सगळ्यांना कळायचं कोण आलं. हे मातीतल्या जिवाणूंवर काम करायचे. सकाळी जायचे ते दिवेलागणीला परतायचे. तोवर मी त्या खोल्यांत एकटी. तेव्हा इथे भारतीय दुकान नव्हतं, फोनवरून आईचा चेहरा दिसायची सोय नव्हती. मला होती एक ओकादा-सान. आमच्या बरोबर खालच्या खोल्यांत राहणारी विधवा बाई. मला ती म्हातारी वाटायची. आता हिशेब करते तर माझ्या आजच्या वयाहून ती बरीच लहान होती, तेव्हा ते जाऊ द्या.

कोणता कचरा कोणत्या दिवशी टाकायचा हे तिने मला शिकवलं. मुळा, आलं, भोपळा यांची जपानी नावं तिने भाजीवाल्यासमोर हातात धरून शिकवली. माझं जपानी फुटक्या मडक्यासारखं, सगळीकडून गळणारं. पण ती थांबून ऐकायची, आणि मी शोधत असलेला शब्द सापडेपर्यंत चहा ओतत राहायची. ती मला ‘ओकुसान’ म्हणायची, इथे घरच्या बाईला म्हणतात तसं. तिच्याखेरीज दिवसभरात माझ्याशी बोलणारं तिथे कुणी नव्हतं. तिच्या मनातून उतरणं म्हणजे त्या गावातून उठण्यासारखंच होतं.

आणि मी बाई काय केलं, तर यांना ऑक्टोबरात मालागाला परिषदेला जायचंय आणि मीही जाणार, हे कळल्याच्या दिवसापासून गावभर दवंडी पिटली. यांचा खर्च संस्था करणार होती, माझा आम्हीच. म्हणून सगळं स्वस्तातलं. विमान मॉस्कोवरून वळसा घालून जाणारं. राहायला न्याहारी न देणारी खानावळवजा जागा. आणि जेवण तर विकत घ्यायचंच नाही असं मी ठरवून टाकलं. तो सगळा उन्हाळा माझ्या घरात मेतकुटाची डाळ भाजल्याचा वास होता. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळपापडी. हे बघायचे आणि म्हणायचे, “अगं, तिकडचं जेवण जेवायला जगभरातून लोक जातात. आणि आपण दशम्या घेऊन चाललोय.”

“जाऊ देत की जगभरातले लोक. त्यांना दशम्या येत नसतील.”

मला ठाऊक नव्हतं ते एवढंच: इथे कुणी लांब निघालं की शेजारीपाजारी आधी भेट देतात, आणि निघालेल्याने परत येताना त्या सगळ्यांसाठी तिकडचा खाऊ आणायचा असतो. मी ज्याला ज्याला सांगत सुटले होते तो तो आमच्या दारात येऊन उभा राहिला. समोरच्या घरातून खारवलेल्या प्लमची बरणी आली. खालच्या मुलांच्या आईने टॉवेल दिले. आणि ओकादा-सानने आणली ही टोपी. “तिकडचं ऊन कडक असतं म्हणे,” ती म्हणाली, आणि माझ्या डोक्यावर ठेवून रिबिनीची गाठ स्वतः बांधली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी फोन आला आणि जाणं रद्द झालं. का झालं ते सांगत बसत नाही. तेव्हा फार महत्त्वाचं वाटलं होतं, आता मला ते नीटसं आठवतही नाही. आठवतं ते एवढंच की भरलेल्या बॅगा दाराशी होत्या आणि हे त्यांच्यावर बसून बुटाची नाडी सोडत होते.

“सकाळी सगळ्यांना सांगून टाकू,” हे म्हणाले.

सकाळी दार उघडलं तर खाली फाटकाशी सगळी इमारत उभी. ओकादा-सान पुढे. थंडीची पहिली चाहूल होती, तिने लोकरी शाल घेतली होती. यांनी तोंड उघडलं मात्र, मी यांच्या पायावर पाय दिला आणि सगळ्यांना वाकून म्हणून टाकलं, “इत्तेकिमास!” जाऊन येतो. आपण नाही का, घरातून निघताना ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो, अगदी तसं. सगळे एका सुरात म्हणाले, “इत्तेराश्शाई.” जाऊन या. आणि बॅगा घेऊन आम्ही वळणापलीकडे गेलो.

वळणापलीकडे हे थांबले. “आता?”

“आता काय, चला.”

“कुठे?”

ते मलाही माहीत नव्हतं. नदीच्या बांधावर बसलो दिवसभर. कोळ्यांच्या होड्या एकमेकींना घासून कुरकुरत होत्या. शिंपल्यांचा धूर येत होता. हे म्हणाले, “मालागाच्या वाळूतही असेच मासे सळीला टोचून भाजतात. पुस्तकात वाचलंय.” आम्ही दोघं शाकाहारी, वास तेवढा घेतला, तो फुकट होता. विमानात खायच्या दशम्या बांधावर खाल्ल्या. सगळी घरं आंघोळी-जेवणात असतील अशा वेळी, अंधारून येताना, चपला हातात घेऊन लोखंडी जिना चढलो. एक पायरी कण्हली. बास.

“उसो!” ईशा ओरडली. खोटं! “आजी, तुम्ही स्वतःच्याच घरात लपलात?”

“मग? स्वतःच्या घरात भाडं पडत नाही. तुझ्या हॉस्टेलपेक्षा स्वस्त.”

त्या दिवसांची मला सवयच जडली. दिवा लावायचा नाही, गॅलरीत कपडे वाळत घालायचे नाहीत, नळ बारीक सोडायचा. आणि सगळ्यात अवघड म्हणजे फोडणी द्यायची नाही. हिंग-मोहरीचा वास त्या गल्लीत दुसऱ्या कुणाच्या घरून येणार? भात आणि मेतकूट, भात आणि मेतकूट. यांची तक्रार नव्हती. रजा मंजूर झालेली होती. आयुष्यात पहिल्यांदा हे दुपारी घरी होते.

दुपारी हे मालागाचा नकाशा तातामीवर पसरायचे. एका कोपऱ्यावर मेतकुटाचा डबा, दुसऱ्यावर इस्त्री. पडद्याच्या फटीतून उन्हाची एकच पट्टी आत यायची, ती नकाशावरून सरकत जायची आणि हे तिच्या मागोमाग वाचत जायचे. ऊन किल्ल्यावर आलं की किल्ला, बंदरावर आलं की बंदर. घडी करून ठेवलेल्या गाद्या म्हणजे किल्ल्याची चढण. मी वर जाऊन बसायचे आणि हे खालून विचारायचे, “काय दिसतंय?” मी म्हणायचे, “पंखा.”

एकदा यांनी वाचून दाखवलं की तिथे जाईची फुलं एकेक करून वाळलेल्या काटेरी दांडीवर बसवतात, त्याचा गेंद होतो, आणि बायका तो केसांत माळतात.

“म्हणजे गजराच की!”

“हो. दोऱ्याशिवाय.”

त्याच दिवसांत बाहेर किनमोकुसेई फुललेली होती. बारीक केशरी फुलांचं ते झाड दिसत नाही, आधी वास येतो. पिकलेल्या जर्दाळूसारखा, आणि थोडा आपल्या देवघरातल्यासारखा. पडद्याच्या फटीतून तो आत यायचा. आम्ही त्यालाच मालागाची जाई ठरवून टाकलं.

संध्याकाळी टोफूवाला भोंगा वाजवत जायचा, पाचाला नगरपालिकेच्या कर्ण्यावर मुलांना घरी बोलावणारी धून लागायची, आणि मग आम्ही समुद्रकिनाऱ्यावर फिरायला निघायचो. म्हणजे मोज्यांवर, ठेंगण्या टेबलाभोवती. हे माझा हात धरायचे. लग्नाला चार वर्षं झाली होती, बाहेर यांनी कधी हात धरला नव्हता. “समुद्र डाव्या हाताला आहे, हं,” हे हळूच सांगायचे. डाव्या हाताला आमचा फ्रिज होता. तोही समुद्रासारखाच घुमायचा.

आणि सकाळ म्हणजे ओकादा-सान. जाताना मी मोठ्या तोऱ्यात माझी तुळस तिच्यावर सोपवली होती, पुण्याहून आणलेल्या मंजिरीतून उगवलेली. कुंडी बाहेर, आमच्या स्वयंपाकघराच्या दुधी काचेच्या खिडकीखाली. ती रोज जिना चढून यायची, पाणी घालायची, आणि तुळशीशी बोलायची. आम्ही आत श्वास रोखून. “आज हवा छान आहे. दुपारनंतर पाऊस येईल म्हणतात, खिडक्या लावलेल्या बऱ्या.” मग दोन क्षण थांबायची. “मुलांना सर्दी झालीये, ती आज घरीच आहेत.” मग हळूहळू खाली.

मी यांना कुजबुजत म्हटलं, “बिचारी. झाडाशी बोलते. किती एकटी असेल नाही?” मला तिची कीव आली, बरं का! हे माझ्याकडे बघून नुसते हसले. त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. सत्तावीस वर्षं, आणि कॉलेजची पदवी!

एका सकाळी ती तुळशीला म्हणाली, “आज शाळेचे खेळ आहेत. सगळी इमारत तिकडे गेलीये, संध्याकाळपर्यंत कुणी येणार नाही.” केवढं नशीब माझं, की मला हे आयतं ऐकू आलं! मी पदर खोचला. तेल तापवलं, मोहरी तडतडली, हिंग, हळद, दोन सुक्या मिरच्या. आमटीवर ती फोडणी पडली तो आवाज मी आजही ऐकते. यांनी डोळे मिटले. त्या वासाने डोकं हलकं झालं. मिरचीचा खकाणा खिडकीतून बाहेर गेला, आणि खालून एक शिंक आली. मग दुसरी.

“मांजर असेल,” मी म्हटलं.

“मांजरच,” हे म्हणाले आणि भात कालवायला लागले.

आज तिथे ती इमारत नाही. एकदा मुद्दाम गेले होते. गाड्या लावायची जागा झालीये, पांढऱ्या रेघा मारलेली. कुठल्या रेघेवर आमचा किल्ला होता, कुठल्या रेघेवर समुद्र, ते मला सांगता आलं नाही. शिंपले भाजणारं एखादं दुकान उरलंय, पण त्याच्या धुराला साडी सापडत नाही. हे जाऊन बरीच वर्षं झाली. फ्रिजही मागे दोनदा बदलला. हल्लीचे फ्रिज आवाजच करत नाहीत. खरं मालागा कसं असेल ते आता बघेन. डाव्या हाताला काय निघतं ते बघायचं. ईशाने त्या हॉस्टेलपासून किनाऱ्यापर्यंतचा रस्ता फोनवर दाखवला तेव्हा मी एवढंच विचारलं, परिषदेच्या ठिकाणावरून जातो का.

“पण मग ओकादा-सानला कळलं का?” तिने विचारलं.

सांगते.

आठवडा संपला तेव्हा आम्ही पहाटे बॅगा घेऊन बाहेर पडलो, दिवस शहरात काढला, आणि मोठ्या दुकानाच्या तळघरातून खाऊ घेतला. कास्तेला, मध घातलेला स्पंजासारखा केक. विकणारी मुलगी म्हणाली, हा फार पूर्वी पोर्तुगीज-स्पॅनिश जहाजांबरोबर आला. ‘स्पॅनिश’ एवढं ऐकलं आणि मी डबे बांधून घेतले. तो शेकडो वर्षं नागासाकीची ओळख होऊन बसलाय आणि डब्यावर नागासाकीच लिहिलंय, हे मला कुठलं वाचता येतंय! काशीहून आले म्हणून पुण्यातल्या माणसाच्या हातावर बाकरवडी ठेवावी, तसा प्रकार. शेजारी सज्जन. सगळ्यांनी दोन्ही हातांनी डबा घेतला, वाकले, आणि कुणीही काहीही म्हणालं नाही.

शेवटी ओकादा-सानकडे गेले. तिने मला आत बसवलं, चहा ओतला. मी किल्ला सांगितला, बंदर सांगितलं, काटेरी दांडीवरची जाई सांगितली. यांनी वाचलेलं सगळं माझ्या फुटक्या जपानीतून गळत गळत तिच्यापर्यंत पोचत होतं. ती मान डोलवत ऐकत होती. मग तिने डबा उचलला, त्याच्यावरची अक्षरं वाचली, आणि कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यापाशी गेली. तिथे तिच्या नवऱ्याचा फोटो होता. इथली रीतच आहे ती: घरात आलेला खाऊ आधी गेलेल्या माणसासमोर ठेवायचा, मग आपण खायचा. तिने उदबत्ती लावली, छोटी घंटा वाजवली, हात जोडले आणि फोटोला म्हणाली, “बघा, वरच्या ओकुसाननी आणलंय.”

नैवेद्य म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको होतं. आमच्या घरी दूध फाटलेलं असलं तर आई देवापुढे वाटी ठेवायची नाही. आणि इथे माझं नासकं खोटं त्या माणसासमोर ठेवलेलं, आणि ती हात जोडून बसलेली. घंटेचा नाद खोलीत बराच वेळ राहिला. तो विरेपर्यंत मी कशीबशी बसले. मग चटईवर डोकं टेकवलं आणि जे तीन शब्द आठवले ते म्हटले: मालागाला गेलो नाही. पुन्हा तेच. पुढचं सांगायला मला भाषाच नव्हती, रडू मात्र होतं. आता ही उठून दार उघडेल, मला वाटलं, आणि उद्यापासून या गावात मला कुणी नाही.

ती उठली. फोटोसमोरचा डबा परत आणला, झाकण काढलं, सुरी गरम पाण्यात बुडवून पुसली, आणि केकच्या दोन सारख्या चकत्या कापल्या. जाडसर चकती माझ्या बशीत ठेवली. मग माझ्याकडे न बघता, चहाचा पेला माझ्याकडे सरकवत म्हणाली:

“माहीत आहे. बरं झालं गेला नाहीत. वर कुणी नसलं की मला झोप लागत नाही.”